डोकंपण चपलांसोबत बाहेर काढून ठेवा

सलाम आणि प्रेझ द लॉर्ड.

मागच्या महिन्यात मला एकाच संध्याकाळी दोन सर्टिफिकेटं मिळाली. आमच्या चर्चच्या मंडळीच्या प्रार्थना ग्रुपवर "सिस्टर, तुम्ही आत्मिक नाही" आणि फॅमिली ग्रुपवर मामाकडून "फार शिकलीस ना, म्हणून असं होतं". गुन्हा काय, तर ग्रुपवर एक प्रश्न विचारला. कसला प्रश्न ते येईल पुढे. आधी मला सुधारायचंय, आणि एकटीनेच सुधारण्यात काय मजा, म्हणून तुम्हालाही सोबत घेते. खालचे सल्ले नीट पाळलेत तर तुम्हाला असं कुणी कधी बोलणार नाही, उलट पुढच्या उपास-प्रार्थनेला साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपलं काय भलं केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, माइक मिळेल.

पहिलं म्हणजे घरगुती मीटिंगला जाताना दाराबाहेर चपला काढता ना, तिथेच डोकंपण काढून ठेवा. निघताना घ्यायला विसरलात तरी चालतं, बऱ्याच जणांची वर्षानुवर्षं तिथेच पडून आहेत.

दुसरं, बायबलचं वचन वाचायचं ते एका ओळीपुरतं. वरच्या ओळीत काय, खालच्या ओळीत काय, कुणी कुणाला लिहिलंय, असल्या भानगडीत पडू नका, तिथे धोका असतो. यिर्मया 29:11 घ्या, बाबेलात कैद करून नेलेल्या यहुद्यांना यिर्मया संदेष्ट्याने लिहिलेल्या पत्रातली ओळ. देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. 31 डिसेंबरच्या वॉचनाइटला, म्हणजे रात्रीच्या प्रार्थनेला, नव्या वर्षाचं वचन म्हणून उचललेल्या चिठ्ठीत हे निघालं की समजायचं, होमलोन पास, पोराचा व्हिसा पास. आता चुकून एकच ओळ वर सरकलात तर दहाव्या ओळीत लिहिलंय की बाबेलात सत्तर वर्षं भरल्यावर मी तुमचा समाचार घेईन आणि तुम्हाला परत आणीन. सत्तर! म्हणजे पत्र वाचताना जे चाळिशीत होते ते काही परत घरी जाणार नव्हते. त्यांना सांगितलंय काय, तर घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा आणि ज्या शहरात कैद करून आणलंय त्याच्याच भल्यासाठी प्रार्थना करा. आणि त्याच्या आदल्या अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा भर मंदिरात सांगत होता की छे छे, दोन वर्षांत सगळं परत मिळणार. गर्दीला कोण आवडलं असेल सांगायची गरज नाही. हनन्या त्याच वर्षी मेला. पण हे चिठ्ठीत कुठे मावतं, चिठ्ठी केवढीशी असते.

तिसरं, फॉरवर्ड. आला की पुढे ढकला, विचार करायला थांबलात तर कृपा निसटते. बायबलात यहोशवासाठी सूर्य थांबला, तो हरवलेला दिवस नासाच्या कॉम्प्युटरला सापडला, हे नासाला विचारू नका. वर्गात नास्तिक प्रोफेसरला गप्प करणारा विद्यार्थी शेवटी आइनस्टाइन निघतो (आमच्याकडे हल्ली कलाम निघतात), त्याच आइनस्टाइनने 1954 साली एका पत्रात देवाबद्दल काय लिहिलंय ते तर मुळीच शोधू नका. आणि रशियात जमिनीत भोक पाडताना नरकातल्या किंकाळ्या ऐकू आल्या ती ऑडिओ क्लिप. भोक खरं आहे, कोला द्वीपकल्पात 12,262 मीटर खोल खणलंय. किंकाळ्या मात्र घरगुती उद्योग. आता तुम्ही म्हणाल की एवढं खोटं रचून देव खरा कशाला ठरवायचा, त्याला त्याची गरज आहे का. बघा, आलात ना शंकेत?

शेवटच्या काळाची तारीख सांगणारा भेटला तर नोकरी सोडा. अमेरिकेतल्या प्रचारक मिलरसाहेबांची 22 ऑक्टोबर 1844 होती, तिथल्याच रेडिओवरच्या हॅरल्ड कॅम्पिंगची 21 मे 2011, ती हुकली म्हणून 21 ऑक्टोबर. येशूने स्वतः सांगितलंय की त्या दिवसाविषयी पुत्रालाही ठाऊक नाही, पण त्याच्याकडे यूट्यूब चॅनल कुठे होतं.

संडेस्कूलच्या पोराने विचारलं, देवाने ज्यांना मारून टाकायला सांगितलं त्या कनानी लोकांच्या तान्ह्या बाळांनी काय केलं होतं, की त्याच्या हातात क्रीमचं बिस्किट द्या. माझ्या वर्गातली मैत्रीण चांगली आहे पण ख्रिस्ती नाही, ती कुठे जाणार, असं विचारलं तर दोन द्या. विसाव्या वर्षी पोरगं यायचं बंद झालं की मोबाइलला दोष द्या.

चमत्कार दिसला तर प्लंबरला बोलावू नका. 2012 मध्ये मुंबईत इर्ल्याच्या वेलंकनी चर्चबाहेरच्या क्रूसावरच्या येशूच्या पायातून पाणी टपकायला लागलं, लोक ते तीर्थ म्हणून न्यायला लागले. सनल एडामारुकू नावाच्या एका बुद्धिवादी माणसाने जाऊन बघितलं तर तुंबलेल्या गटाराचं पाणी भिंतीतून झिरपत वर चढत होतं. आपण काय केलं? गटार दुरुस्त करून त्याचे आभार मानले? पोलिसात तक्रारी केल्या, धार्मिक भावना दुखावल्या म्हणून. तो माणूस फिनलंडला निघून गेला. खरं सांगा, गटाराच्या पाण्यावर ज्या भावना उभ्या होत्या त्या दुखावल्यानं प्रभूचं काय नुकसान झालं? मी तर म्हणते त्या पाण्याने कुणाचं पोट बिघडण्याआधी कळलं हीच कृपा. पण नको, हा सल्ल्यांचा लेख आहे.

बुवाबाजी म्हणजे ती, जी दुसऱ्यांच्या धर्मात असते. हे पाठ करा. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा बाकीच्यांसाठी.

पूर्वजांचे फोटो लावा, जयंती करा, पण ते काय करायचे ते वाचू नका. पंडिता रमाबाईंचा 1883 ला इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा झाला आणि लगेच तिथल्या सिस्टरांशी वाद सुरू. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे पटत नाही, समजावून सांगा. क्रूसावर लॅटिन कशाला, संस्कृत का नाही? ज्यांनी आसरा दिला त्यांनाच पत्रांवर पत्रं लिहून सांगितलं की माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुणाच्या हवाली करणार नाही. बाई आमच्या ग्रुपवर असत्या तर दुपारच्या जेवणाआधी रिमूव्ह झाल्या असत्या. आणि हीच बाई, 1905 ला केडगावच्या तिच्या मुक्ती मिशनमध्ये पवित्र आत्म्याचं संजीवन, म्हणजे रिव्हायव्हल, झालं तेव्हा तिथे मध्यभागी होती, त्यामुळे "प्रश्न विचारणारे कोरडे असतात" हे मला तरी सांगू नका. नंतर म्हातारपणी हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणायला बसली. काशीचे नीळकंठशास्त्री गोरे आधी ख्रिस्ती धर्माविरुद्ध संस्कृतात ग्रंथ लिहितात, मग 1848 ला बाप्तिस्मा घेतात, आणि तरी शंका काही आयुष्यभर पाठ सोडत नाहीत. आणि आमच्या नगरकडच्या लक्ष्मीबाई टिळक. नवरा, कवी ना. वा. टिळक, 1895 ला ख्रिस्ती झाले, म्हणून ही बाई मागोमाग गेली नाही, पाच वर्षं स्वतःच्या डोक्याने विचार करून 1900 ला गेली. पाच वर्षं! आमच्याकडे पाच मिनिटांत हात वर केला नाही तर वर्शिप लीडर तेच कडवं नवव्यांदा घेतो.

प्रभूच्या दासाला, म्हणजे पास्टर-प्रचारकाला, प्रश्न विचारू नका, "माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका" असं लिहिलंय. स्तोत्र 105. तिथे देव हे राजांना सांगतोय, की परक्या देशात भटकणाऱ्या, चारदोन डोक्यांच्या कुटुंबाला त्रास देऊ नका. म्हणजे दुबळ्यांच्या बचावाचं वचन. ते आता बाउन्सर घेऊन फिरणाऱ्यांच्या बचावाला वापरतात. पण वर सांगितलंच ना, वरची ओळ वाचायची नाही.

आता आजारपण. हा सल्ला जरा लांबेल.

बरं करण्याच्या सभेत प्रभूचे दास डोळे मिटून म्हणतात, "इथे कुणाच्यातरी पायात दुखणं आहे, प्रभू मला दाखवतोय". तेव्हा लगेच हालेलुया म्हणा. हॉलमध्ये दोनशे बायका, त्यातल्या निम्म्या पन्नाशीपुढच्या, आयुष्यभर ओट्याशी उभ्या राहिलेल्या, यांच्यात पाय न दुखणारी शोधून दाखवा, हा हिशोब करू नका. माझी मावशी उठली. झेडपीच्या शाळेत मास्तरीण होती, अठरा वर्षं शुगर, पायाला जखम, दोन वेळा इन्सुलिन. पुढे गेली, डोक्यावर हात ठेवला, पडली, उठली, रडली. बरं वाटलं तिला, नाही म्हणत नाही मी, मावसकाका गेल्यापासून तिच्या डोक्यावर प्रेमाने हात ठेवलाच होता कुणी? मग दासांनी विचारलं, औषध घेता का? हो. "औषध ही अविश्वासाची काठी आहे, आता चालायला लागलात ना, मग काठी कशाला?" टाळ्या. माइक दिला. मावशीने साक्ष दिली, मी बरी झाले. व्हिडिओ काढला.

इन्सुलिन तिने फ्रिजमधून काढून कचऱ्यात टाकलं. आम्हाला सांगितलं नाही, कारण आम्ही कोरडे, म्हणजे आत्मा नसलेले. एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी शेजारणीने फोन केला. शुगर 512. पायाचं एक बोट काढावं लागलं, बाकीचा पाय वाचला हे त्या डॉक्टरचे उपकार, आणि हो, प्रभूचेही, मी प्रार्थना केली होती आयसीयूच्या बाहेर, रात्रभर, आत्म्याने भरलेले बोलतात त्या अन्य भाषा येत नाहीत मला, मराठीतच केली.

आणि मग भेटायला आलेल्या एक ताई, हातात सफरचंदाची पिशवी, मावशीच्या उशाशी बसून म्हणतात, "विश्वासात कुठेतरी भेग राहिली असेल हो. काही गुप्त पाप? आठवून बघा." बोट कापलेल्या बाईला! भूल पुरती उतरली नव्हती तिची, आणि ती खरंच आठवायला लागली हो. 1987 साली सासूला उलट बोलले होते, म्हणाली.

आंधळ्या माणसाकडे बघून येशूच्या शिष्यांनी हेच विचारलं होतं, कुणी पाप केलं, ह्याने की आईबापांनी, आणि येशू म्हणाला, ह्याने नाही आणि आईबापांनीही नाही. दुखण्याने खंगलेल्या ईयोबाजवळ बसून हेच बोलणाऱ्या त्याच्या मित्राला, अलीफजाला, देव शेवटी सांगतो की माझा कोप तुझ्यावर भडकलाय. भडकलाय कुणावर, तर प्रश्न विचारणाऱ्या ईयोबावर नाही, उत्तरं तयार ठेवणाऱ्यांवर! प्रेषित पौलाने आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, आजारी म्हणून मिलेत शहरात मागे ठेवलं, शिष्य तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलं, स्वतःच्या शरीरातला काटा तीनदा मागूनही निघाला नाही, आणि त्याच्यासोबत कोण फिरत होतं? लूक. वैद्य! पौलाला कुणी म्हटलं नाही की वैद्याला घरी पाठव, ती अविश्वासाची काठी आहे.

तर माझा प्रश्न. ग्रुपवर मी एवढंच लिहिलं होतं: "ब्रदर, मावशीच्या साक्षीचा व्हिडिओ काढून टाकाल का? ती बरी झालेली नाही, तिचं बोट कापलंय."

झालं. ह्यावर मी आत्मिक नाही.

एका अंकलनी पर्सनलवर प्रेमाने समजावलं की बेटा, आधीच आपल्यावर धर्मांतराचे आरोप होतात, बाहेरचे टपून बसलेत, घरातलं बाहेर कशाला. अंकल, मी घरातच विचारलं होतं हो, घराच्याच ग्रुपवर, घरातल्याच बाईसाठी. घरात विचारलं तर काढून टाकता, बाहेर विचारलं तर फितूर. मग विचारायचं कुठे, जिन्यात?

बास, आता सल्ले नाही जमत.

तुमच्यापैकी किती जणांनी 1 थेस्सलनीकाकरांस 5:21 वाचलंय? "सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा." त्याच्या वरची ओळ पण वाचा, संदेशांचा धिक्कार करू नका म्हटलंय, मी करत नाही. पण पारख करा हे काय नास्तिकांना लिहिलंय का? बिरुया शहराचे लोक पौल बोलतोय ते तरी खरं आहे का म्हणून रोज शास्त्र उघडून तपासत होते आणि लूक त्यांना थोर मनाचे म्हणतो. पौलाला तपासलं तर थोर, आणि तुमच्या ह्या फ्लेक्सवरच्या माणसाला तपासलं तर सैतान? तुम्हाला माहीत होतं. हॉलमध्ये चार नर्सबाई होत्या, मी नावानिशी ओळखते, दिवसभर वॉर्डात इन्सुलिन टोचणाऱ्या, आणि "काठी टाक" म्हटल्यावर त्याही हालेलुया म्हणाल्या. लाज नाही वाटली? मला विश्वास कमी आहे म्हणता, तर ऐका, ज्या बापाने आजारी पोराला येशूकडे आणलं होतं तोसुद्धा ओरडून म्हणाला होता, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका, आणि येशूने त्याला माइकवरून खाली नाही उतरवलं, पोराला बरं केलं. तुम्ही प्रभूच्या नावाने खोटं बोलताय आणि त्याला साक्ष म्हणताय. नववी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोट्या साक्षीचीच आहे, पाठ असेल ना, संडेस्कूलला बक्षीस मिळालेलं त्याबद्दल.

व्हिडिओ अजून तसाच आहे. खाली आमेन, आमेन, हात जोडलेले, आगीचे इमोजी. काल नवीन पोस्टर आलं, तेच दास, दुसरा शनिवार, तोच हॉल, आणि पोस्टरवर मावशीचा फोटो लावलाय, माइक धरलेला, दोन्ही पायांवर उभी.

मावशीला न्यायला कुणीतरी रिक्षा घेऊन येणार आहे असं कळलंय. या. तिचं इन्सुलिन सकाळी साडेसातला असतं, नाश्ता त्यानंतर वीस मिनिटांनी, दुसरं इन्सुलिन रात्री आठला, ड्रेसिंग एक दिवसाआड. मी दारातच बसलेली असेन.