लिंकन नेमका किती वेळा हरला? व्हायरल यादीचा हिशेब

‘२१ व्या वर्षी धंद्यात बुडाला, २२ व्या वर्षी निवडणूक हरला, २४ व्या वर्षी पुन्हा धंदा बुडाला, २६ व्या वर्षी प्रेयसी गेली, २७ व्या वर्षी मनाचा तोल गेला, ३४ आणि ३९ व्या वर्षी काँग्रेसची (अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची), ४५ आणि ४९ व्या वर्षी सिनेटची (वरिष्ठ सभागृहाची), ४७ व्या वर्षी उपाध्यक्षपदाची निवडणूक हरला; ५२ व्या वर्षी अमेरिकेचा अध्यक्ष झाला.’ अब्राहम लिंकनच्या नावाची ही यादी परीक्षांच्या निकालाच्या दिवशी हमखास फिरते. (शाळांच्या भिंतीवरचं ते ‘मुख्याध्यापकांना पत्र’ही लिंकनच्या कागदपत्रांत कुठेच नाही, पण तो वेगळा विषय.)

२१, धंदा बुडाला. लिंकनचा जन्म फेब्रुवारी १८०९चा. २१ व्या वर्षी तो वडिलांच्या कुटुंबाबरोबर इंडियानातून इलिनॉयला आला आणि कुंपणाची लाकडं फोडत होता. १८३१मध्ये तिथल्याच न्यू सेलम या गावी डेंटन ऑफट याच्या दुकानात तो नोकरीला लागला. पुढे ते दुकान बुडालं खरं, पण ते ऑफटचं होतं.

२२, निवडणूक हरला. हरला हे खरं, वय मात्र २३. १८३२च्या मार्चमध्ये त्याने राज्याच्या विधिमंडळासाठी उमेदवारी जाहीर केली आणि एप्रिलमध्ये मूळ अमेरिकी टोळ्यांशी ब्लॅक हॉक युद्ध पेटलं. गावच्या स्वयंसेवक तुकडीने त्याला मत देऊन कॅप्टन केलं. मुदत संपल्यावर तो साधा शिपाई म्हणून पुन्हा भरती झाला. लढाई प्रत्यक्ष वाट्याला आलीच नाही, पण प्रचाराचे महिने त्यात गेले. परतला तेव्हा मतदानाला जेमतेम दोनेक आठवडे उरले होते. जागा ४, उमेदवार १३, लिंकन आठवा. न्यू सेलममध्ये मात्र त्याला २७७, म्हणजे जवळजवळ सगळी मतं पडली. बाकीच्या जिल्ह्यात त्याला कोणी ओळखतच नव्हतं. जनतेने आपल्याला हरवलं ते एवढ्या एकाच वेळी, असं त्याने स्वतः १८५९मध्ये लिहून ठेवलंय. यादीतलं पुढचं सगळं या वाक्यासमोर ठेवून वाचावं.

२४, पुन्हा धंदा. हे कलम खरं. विल्यम बेरीबरोबर घेतलेल्या दुकानातला माल जवळपास सगळा उधारीच्या चिठ्ठ्यांवर होता. विक्री होईना, आणि १८३५च्या जानेवारीत बेरी वारला. सुमारे ११०० डॉलरचं कर्ज लिंकनच्या गळ्यात पडलं. त्यापायी घोडा आणि जमीन मोजणीची साधनं जप्त होऊन लिलावात निघाली. ती एका शेजाऱ्याने विकत घेऊन त्याला परत दिली. कर्ज फेडायला वर्षं लागली. पण धंदा बुडाला त्याच १८३३मध्ये तो गावचा पोस्टमास्तर आणि उपमोजणीदार झाला होता, हे यादी सांगत नाही.

२६ आणि २७. ऑगस्ट १८३५मध्ये त्याची प्रेयसी अ‍ॅन रटलेज गेली आणि तो खचला, असं गावकऱ्यांनी पुढे सांगितलं. पण यादीच्या काही प्रतींत येणारं ‘२७ व्या वर्षी सहा महिने अंथरुणाला खिळला’ हे निव्वळ रचलेलं आहे. १८३६च्या ऑगस्टमध्ये तो विधिमंडळावर दुसऱ्यांदा निवडून आला, सप्टेंबरमध्ये त्याला वकिलीचा परवाना मिळाला आणि डिसेंबरमध्ये अधिवेशनात तो हजर होता. खरी पडझड झाली जानेवारी १८४१मध्ये, मेरी टॉडशी ठरलेलं लग्न मोडल्यावर. तेव्हाही सभागृहातली गैरहजेरी आठवडाभराचीच.

३४ आणि ३९. १८४३मध्ये त्याला त्याच्या तेव्हाच्या व्हिग पक्षाची उमेदवारी मिळाली नाही, ती जॉन हार्डिनला गेली. म्हणजे तिकीट हुकलं. निवडणूक तो लढलाच नाही. हार्डिन, मग बेकर, मग लिंकन अशी पाळी लागली आणि १८४६मध्ये पीटर कार्टराइटला ६३४० विरुद्ध ४८२९ मतांनी हरवून तो काँग्रेसमध्ये गेला. १८४८मध्ये पाळीप्रमाणे तो थांबला. त्या जागी उभा राहिला आणि पडला तो व्हिग पक्षाचाच स्टीफन लोगन. लोगनचा पराभव यादीने लिंकनच्या खात्यात घातलाय!

४५ आणि ४९. सिनेटर तेव्हा लोक निवडत नसत, राज्याची विधिमंडळं निवडत. थेट मतदान आलं १९१३च्या घटनादुरुस्तीने. १८५५मध्ये पहिल्या फेरीत लिंकनच पुढे होता. पण पाच आमदार ट्रम्बुल या दुसऱ्या उमेदवाराला सोडायला तयार नव्हते. गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध नसणारा माणूस निवडून येऊ नये म्हणून लिंकनने आपली मतं ट्रम्बुलकडे वळवली. तीन वर्षांनी पुन्हा सिनेटसाठी, तेव्हाचा सिनेटर स्टीफन डग्लस याच्याशी सात जाहीर वादसभा झाल्या. लिंकनच्या नव्या, रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारांना राज्यात एकूण मतं थोडी जास्त पडली, पण मतदारसंघांची आखणी जुनी. विधिमंडळात डग्लस ५४–४६ने जिंकला.

४७, उपाध्यक्षपद. निवडणूक नव्हे, पक्षाच्या अधिवेशनातली चाचपणी. फिलाडेल्फियात त्याच्या नावाला ११० मतं पडली, तो स्वतः तिथे नव्हताही.

आता गाळलेलं: १८३४, १८३६, १८३८ आणि १८४०, विधिमंडळावर सलग चार विजय. १८५४मध्ये पाचवा, पण सिनेटसाठी ती जागा त्याने सोडली. शिवाय वकिली जोरात होती. इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या करखटल्याच्या फीचे ५००० डॉलर त्याने १८५७मध्ये रेल्वेवर दावा लावून वसूल केले.

आणि ५२? निवडून आला तेव्हा ५१ होता. ५२ हे वय ४ मार्च १८६१च्या शपथविधीचं.