कॅशबॅक जमेला कसा धरावा

महिन्याचा मेळ बसत नसेल तर खर्च कमी करायचा, हा गावंढळ उपाय आधी डोक्यातून काढा. तुमच्याकडे क्रेडिट कार्ड आहे, कार्डावर कॅशबॅक आहे. फक्त तो लिहिता यायला हवा.

खरेदी झाली रे झाली की कॅशबॅक जमेला धरायचा. ऑनलाइन 8,000 ची खरेदी, 5 टक्के, म्हणजे 400. एक्सेलमध्ये पगाराच्या खालीच 'इतर उत्पन्न' असा रकाना करून टाका. पुढच्या स्टेटमेंटात बँक ते 400 देईल, तेव्हा पुन्हा जमेला धरा. बिल तेवढ्याने कमी आलं, म्हणून खर्चही 7,600 च दाखवा. झाले की नाही 400 चे 1,200? कुठली मुदत ठेव एवढं देते? पुढे वस्तू परत केलीत तर बँक कॅशबॅक निमूट काढून घेते. ती ओळ लिहू नका, शीट बिघडते.

काही रुक्ष माणसं खरेदीच्या दिवशी पूर्ण 8,000 खर्ची टाकतात आणि कॅशबॅक स्टेटमेंटात उतरल्यावर त्याच खर्चातून एकदाच वजा करतात. त्यांचा हिशेब पैशापैशाला जुळतो, आणि म्हणूनच बिचाऱ्यांना आहे त्या पगारात भागवावं लागतं.

अटी वाचायच्या नाहीत. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, ईएमआय यांवर बहुतेक कार्डं काही देत नाहीत. वर महिन्याची कमाल मर्यादा असते. दुकान कुठल्या प्रकारात मोडतं हे पाटीवरून नव्हे, बँकेच्या नोंदीतल्या त्याच्या चार आकडी मर्चंट कोडवरून ठरतं. हे कळून उगाच उत्पन्न घटतं.

पॉइंटवालं कार्ड असेल तर आणखी बहार. समजा, दर 150 रुपयांमागे 2 पॉइंट आणि पॉइंटला 25 पैसे. बिल 140 झालं तर पॉइंट शून्य. अशा वेळी काउंटरवरूनच मागे फिरा आणि दहाची कोथिंबीर उचला. फ्रिजमध्ये आधीच्या दोन जुड्या आहेत, त्यातली एक पिवळी पडली आहे, असं घरचे म्हणतील. त्यांना 50 पैशांचं महत्त्व समजावा. असे 500 पॉइंट साठले की 125 रुपये. ते घ्यायला 99 रुपये शुल्क, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे साधारण 117. हातात 8. कोथिंबिरीलाही दोन कमी पडतात, पण तत्त्व महत्त्वाचं.

आता खरी युक्ती. 20,000 चं बिल आलं की पूर्ण भरू नका. 'किमान देय रक्कम' 1,000 असं ठळक छापलेलं असतं, तेवढंच भरा. महिन्याला साडेतीन टक्क्यांनी व्याज ढोबळमानाने 700, त्यावर जीएसटी 126, एकूण 826. तेही खरेदीच्या तारखेपासून. शिवाय बाकी ओढलीत की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते, म्हणजे उद्या कार्डावर घेतलेल्या दुधालाही उद्यापासूनच व्याज. पण घाबरू नका, त्याच 20,000 वर 1 टक्क्याने 200 रुपये कॅशबॅक आलेला आहे! 200 हिरव्या रंगात लिहा. 826 'किरकोळ'मध्ये टाका, पेपरच्या बिलाशेजारी.

महिनाअखेर शीट म्हणेल शिल्लक 3,140. खात्यात 212 निघतील. विश्वास शीटवरच ठेवा; खातं बँक लिहिते, शीट तुम्ही स्वतः भरली आहे.