३६ हजार किलोमीटर आणि दीड फूट

गाडीत सॅटेलाइट रेडिओ बसवायला घेतला. त्याचं गाणं ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहावरून निघतं, गाडीच्या टपावर चुंबकाने चिकटवलेल्या काडेपेटीएवढ्या अँटेनात उतरतं, तिथून रिसीव्हरमध्ये, इथपर्यंत सगळं बिनबोभाट. उरलं काय, तर रिसीव्हर ते स्टिरिओ, फक्त दीड फूट. त्या दीड फुटाने माझा अख्खा रविवार गिळला.

सोपा उपाय म्हणजे ऑक्सची वायर, रिसीव्हरमधून थेट स्टिरिओत. पण माझ्या स्टिरिओला सीडी गिळायला तोंड आहे, ऑक्सला भोक नाही. मग म्हटलं रिसीव्हरमध्येच छोटा एफएम ट्रान्समीटर आहे, तो गाणं हवेतून स्टिरिओच्या रेडिओला पाठवतो, एखादी रिकामी फ्रिक्वेन्सी बघू, दोन्हीकडे तीच लावू, हाय काय नाय काय! ८८.१ लावलं. पहिल्या चौकापर्यंत झकास सॅक्सोफोन, चौक ओलांडला आणि सॅक्सोफोनच्या छाताडावर बसून एक बाई गाद्यांचा सेल सांगायला लागल्या. ट्रान्समीटरची ताकद कायद्यानेच मुंगीएवढी ठेवलेली, खरं स्टेशन आडवं आलं की हा बिचारा गप्प.

मग शेवटचा उपाय, एफएम मॉड्युलेटर, म्हणजे रिसीव्हरचं गाणं हवेतून न पाठवता अँटेनाच्या वायरीतून स्टिरिओत घालणारी डबी. स्टिरिओ बाहेर ओढायचा, मागची अँटेनाची वायर काढून मॉड्युलेटरमध्ये खुपसायची, मॉड्युलेटरची वायर स्टिरिओत, म्हणजे तो चालू असताना बाहेरची स्टेशनं बंद, बाई बंद. कागदावर तीन ओळींचं काम. प्रत्यक्षात एक स्क्रू डॅशबोर्डच्या पोटात गेला तो अजून वळणावर खुळखुळतो, आणि सगळं जोडून गाडी सुरू केली तर स्पीकरमधून कुईंऽऽ, ॲक्सिलरेटर दाबला की कुईं वरच्या पट्टीत, सोडला की खालच्या. हा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा, गातोय हे कळायला तासभर गेला. मॉड्युलेटरची काळी अर्थची वायर मी रंग दिलेल्या पत्र्यावर आवळली होती, ती काढून रंग खरवडला आणि स्टिरिओची अर्थ जिथे होती त्याच बोल्टवर आवळली, तेव्हा कुठे गायन थांबलं.

पण गायनाबरोबर सगळंच थांबलं! रिसीव्हरवर 'सिग्नल नाही'. परत स्टिरिओ बाहेर, परत वायरी, परत अँटेनाची पिन घासून पुसून, परत तेच. बायको चहा घेऊन आली, गॅरेजच्या छताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अरे, आधी गाडी तर बाहेर काढ."