अनाथाश्रम गाळला, अंगकोर ठेवलं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

रागावून का होईना, सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा : कंबोडियातल्या मिशन ट्रिपचं, म्हणजे चर्चच्या सेवादौऱ्याचं, वेळापत्रक देताना मी सिएम रीप शहरातल्या अनाथाश्रमाची भेट मुद्दाम गाळली आणि शहराजवळची अंगकोरची प्राचीन देवळं मात्र ठेवली. ‘दगड बघायला तीन दिवस, पोरक्या लेकरांना दोन तास नाहीत?’ असं विचारून तुम्ही बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं अनाथ-विधवांचा समाचार घेण्याचं वचन पुढे ठेवलंत.

वचनापासूनच सुरुवात करू. त्यात अनाथ आणि विधवा एकत्रच येतात. कंबोडियात नेमकी त्यांचीच ताटातूट होते. तिथल्या समाजकल्याण मंत्रालयाने युनिसेफबरोबर केलेला अभ्यास २०११ साली आला. अनाथाश्रमांसारख्या संस्थांमधल्या दर चार मुलांपैकी साधारण तिघांची आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात असल्याचं त्यात दिसलं. २००५ ते २०१० या काळात संस्था ७५ टक्क्यांनी वाढल्या. लाखोंचा बळी घेणारी ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाची राजवट १९७९ लाच संपली होती, तेव्हा ही त्या संहारातली पोरकी मुलं नव्हेत. गावातल्या गरीब आईला सांगितलं जातं की शहरात इंग्रजी शिकेल, दोन वेळचं पोटभर जेवेल. आणि असे आश्रम निघतात कुठे, तर जिथे परदेशी पाहुणे उतरतात तिथे. पाहुण्यांच्या देणगीवर चालणाऱ्या संस्थेला खाटा भरलेल्याच ठेवाव्या लागतात. मूल आईकडे परत गेलं की देणगीचं कारणही गेलं.

आता ते दोन तास. व्हॅन थांबते, लहान मुलं धावत येतात, अनोळखी माणसाचा हात धरतात, मांडीवर चढून बसतात. पाहुण्यांना वाटतं, किती माया! कोणाही परक्याला क्षणात बिलगणं हे बालमानसशास्त्रात काळजीचं लक्षण मानतात : कायमचं आपलं माणूस न मिळालेलं मूल मिळेल त्याच्याकडे झेपावतं. पाहुणे रडत निघतात, दोन दिवसांनी दुसरी टीम येते, पुन्हा तेच. अभ्यासाच्या वेळेत नाच बसवला जातो. खेळणी एकाला कमी, एकाला जास्त होतात, की भांडणं. आणि फोटो! चेहरा, नाव, गाव, सगळं फेसबुकवर. आपल्या मुलांच्या वसतिगृहात बारा अनोळखी माणसं कॅमेरे घेऊन शिरली, तर आपण गेटवरच अडवू.

म्हणून माझ्या मते त्या वेळापत्रकात सहल म्हणावी असं काही असेल, तर ते अनाथाश्रमच. अंगकोरमध्ये निदान तिकीट काढून, उघडपणे आपण पर्यटक असतो.

त्या तिकिटाच्या पैशांबद्दल मात्र तुमचं म्हणणं रास्त आहे. मंडळीच्या (चर्चच्या) देणगीतून ते काढू नये. ज्याचं त्याने भरावं, हिशेब वेगळा ठेवावा. एक दिवसाचं ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२, सात दिवसांचं ७२. तीन दिवसांचं तिकीट दहा दिवसांत केव्हाही वापरता येतं, त्यामुळे सेवेच्या कामात खंड न पाडता मधले मोकळे दिवस धरता येतात. तिकिटावर फोटो असतो, दुसऱ्याला देता येत नाही, आणि ते अधिकृत खिडकीवर किंवा संकेतस्थळावरच घ्यावं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर अंगकोर वाटच्या सर्वांत वरच्या बकान मजल्यावर सोडत नाहीत. बौद्ध सणवारांना तो बंदच असतो. प्रत्येक तिकिटातले २ डॉलर कांथा बोफा या मोफत बालरुग्णालयांना जातात, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. देवळाबाहेर पोस्टकार्डं विकणाऱ्या मुलांकडून काही घेऊ नका. पैसे मिळत राहिले की मुलांची शाळा कायमची सुटते, असं अंगकोरच्या पर्यटक आचारसंहितेतही म्हटलंय. ‘पैसे नको, बाळाला दुधाची पावडर घेऊन द्या’ म्हणणाऱ्या बाईपुढेही सावध : सिएम रीपमध्ये तो डबा बऱ्याचदा पुन्हा दुकानात परततो.

यजमान मंडळीने आधीच आश्रमाला शब्द दिला असेल, तर निघण्यापूर्वी त्यांच्यामार्फत तीन गोष्टी विचारा. संस्थेची मंत्रालयाकडे नोंदणी आहे का (यासाठी २०१५ चा उप-आदेश आहे)? गेल्या वर्षी किती मुलं घरी परत गेली? पाहुण्यांसाठी लेखी बालसुरक्षा नियम आहेत का? ‘कधीही या, मुलं वाट बघतात’ असं उत्तर आलं, तर तेच न जाण्याचं कारण. उत्तरं धड असतील, तर मुलं शाळेत असताना जा, कर्मचाऱ्यांशी कार्यालयात बसून बोला. टीममध्ये नर्स असेल तर सांभाळणाऱ्या बायकांना प्रथमोपचार शिकवा. हिशेबनीस असेल तर वह्या लावून द्या. ते टिकतं. देणगी द्यायचीच तर मुलांना घरी परत नेणाऱ्या, आईला रोजगार मिळवून देणाऱ्या कामाला द्या.

सुवार्तेची पत्रकं दारोदार वाटण्याचा बेत असेल तर तोही सोडा. २००७ च्या सरकारी निर्देशाने बौद्धेतर गटांना घरोघरी प्रचाराला बंदी आहे. पैसे किंवा वस्तू देऊन धर्मांतराकडे वळवायलाही. मुलांना चॉकलेट देऊन गाणी शिकवणं त्या रेषेच्या फार जवळ जातं.

आणि रिकामी झालेली दुपार? सिएम रीपमध्ये कांथा बोफाचंच जयवर्मन सातवा रुग्णालय आहे, तिथे पर्यटकांचं रक्तदान घेतात. अट बसते का ते तिथेच तपासतील. त्या दिवशी मात्र देवळांचे उभे जिने चढू नका.