यंत्र बसवलं की प्रश्न मिटला?

एक पोस्ट सध्या खूप फिरतेय. तिचं म्हणणं, अपंगांना खरा मान दिला तो सायन्स फिक्शनने, तिथे आंधळ्याला दिसायला लागतं, हात तुटला तर नवा मिळतो, आणि पुढे टेक्नॉलॉजी इतकी वाढेल की अपंग कुणी उरणारच नाही. मी गुडघ्याखाली कृत्रिम पाय लावते आणि सायन्स फिक्शन लहानपणापासून जीव लावून वाचते-बघते, म्हणून गप्प बसवत नाही.

पोस्टमध्ये फोटो 'स्टार वॉर्स'चा नायक ल्यूक स्कायवॉकर याच्या कृत्रिम हाताचा आहे. 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'च्या (१९८०) शेवटी यंत्रमानव त्याच्या नव्या बोटांना सुई टोचतो, बोटं आखडतात, मनगटावरचं झाकण बंद, झालं. तेवढ्यात माझा लायनरही (पायावर आधी चढवायचं मऊ आवरण) चढत नाही. सकाळी सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा वरचा साचा, घट्ट बसतं, दुपारपर्यंत स्टंप, म्हणजे उरलेला पाय, आकसतो, साच्यात ढिला पडतो, मग कुठेतरी आडोशाला बसायचं, कृत्रिम पाय काढायचा, घाम पुसायचा, एक जादा मोजा चढवायचा आणि परत घालायचा, आणि मोजा घरी विसरला असेल तर संध्याकाळी कातडी सोललेली असते. पाय चांगला आहे, माझे सगळे दिवस त्याच्यावरच चालतात, पण त्याचं रोज काहीतरी करावं लागतं आणि हे रोजचं करणं पडद्यावर जवळजवळ येतच नाही.

पोस्टमधला पुढचा दाखला 'स्टार ट्रेक'मधल्या आंधळ्या जॉर्डीचा, की व्हायझर (डोळ्यांवर लावायचं, दिसायला मदत करणारं यंत्र) लावून तो डोळसांपेक्षा जास्त बघतो. खरंय, पण अर्धंच सांगितलंय. 'द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेच्या १९८७च्या पहिल्याच भागात तो डॉक्टरला सांगतो की याने सतत दुखतं. ती औषध नाहीतर ऑपरेशन सुचवते, दोन्हींनी व्हायझरच्या कामावर परिणाम होईल म्हणून तो दोन्ही नाकारतो. मला तो सीन फार जवळचा वाटतो, कारण हा हिशोब आम्ही सगळेच करतो, किती दुखणं सोसून किती काम होतंय याचा.

आता 'टेक्नॉलॉजी सगळ्यांना बरं करेल' हे. कुणाच्या पैशाने? 'अवतार' सिनेमात (२००९) पाय लुळे पडलेल्या जेकचा मणका दुरुस्त होऊ शकतो, फक्त त्याच्याकडे तेवढे पैसे नाहीत, हे सिनेमाच सांगतो. आणि पैसे असले तरी यंत्र कंपनीचंच राहतं. आर्गस २ नावाचं, आंधळ्यांना थोडंफार दिसावं म्हणून डोळ्यात बसवायचं यंत्र होतं, अमेरिकेत २०१३ला मंजूर झालं, जगभरात साडेतीनशेच्या वर लोकांनी बसवून घेतलं. २०१९मध्ये कंपनीने ते बनवणं थांबवलं, पुढच्या वर्षी कंपनीच बुडायला आली, आणि ज्यांच्या डोळ्यात ते होतं त्यांना बिघडलं तर जायचं कुठे हेच कळेना. डोळ्याच्या आतलं यंत्र, आणि दुरुस्तीला माणूस नाही! यावर कुणीतरी कादंबरी लिहायला पाहिजे.

'अपंग कुणी उरणारच नाही' याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. त्यात धरूनच चाललेत की अडचण माझ्या शरीरात आहे, जिन्यात नाही. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९०४मध्येच 'द कंट्री ऑफ द ब्लाइंड' ही गोष्ट लिहिली. एका दरीत सगळेच आंधळे, घरांना खिडक्या नाहीत, ऊन नको म्हणून कामं रात्री करतात, सगळं त्यांच्या सोयीचं. बाहेरून एक डोळस माणूस येऊन पडतो, त्याला वाटतं आपण इथले राजे होणार, पण धडपडतो तोच. शेवटी तिथला वैद्य ठरवतो की याचा आजार म्हणजे हे डोळे, काढून टाकले की बरा होईल. ही गोष्ट वाचल्यावर 'बरं करणं' हा शब्द मला पूर्वीसारखा सहज वापरता आलेला नाही.

राहिला नेहमीचा आक्षेप, की गोष्टच आहे, कशाला मनावर घेता. पण गोष्टी डोक्यात बसतात. अमेरिकन लेखक हाइनलाइनच्या 'वाल्डो' या गोष्टीतला (१९४२) नायक वाल्डो स्नायूंच्या आजाराने अशक्त असतो, म्हणून लांबून चालवायचे यांत्रिक हात बनवतो. पुढे खरोखर असे हात बनले तेव्हा लोक त्यांना वाल्डोच म्हणायला लागले, इतकी ती गोष्ट डोक्यात बसली. गोष्टीतला वाल्डो मात्र बरा होतो आणि नाचायला लागतो. ज्या शरीराने त्याला ते हात सुचले, त्या शरीरात लेखकाने त्याला राहू दिलं नाही.