वाचवलेले सात हजार आठशे

आमचे साडभाऊ गेल्या हिवाळ्यात पॅकेज टूरने गोव्याला जाऊन आले आणि तेव्हापासून त्यांची एकच तक्रार होती, की टूरवाल्यांनी समुद्रावर पाऊण तास सोडले आणि काजूच्या दुकानात दोन तास बसवले. शिवाय ‘तीन रात्री, चार दिवस’ यांतला पहिला दिवस हॉटेलात पोहोचेपर्यंत मावळतो आणि चौथा ‘नाश्ता करून प्रस्थान’ एवढ्यात आटोपतो, हेही त्यांनी बोटांवर मोजून दाखवले. मी तिथेच ठरवले, की विमान वेगळे, हॉटेल वेगळे आणि दोन्ही स्वतःच्या हाताने.

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात मोबाईलला रेंज मिळते ती स्लॅबवर, पाण्याच्या टाकीला टेकून उभे राहिल्यावर. नागपूर ते गोवा तिकीट ५,८०० रुपये दिसत होते. ओटीपी येईपर्यंत ते ६,४०० झाले. विमानातल्या खुर्च्या निरनिराळ्या भावांच्या कप्प्यांत वाटलेल्या असतात आणि स्वस्त कप्पा संपला की पुढचा उघडतो, हे मला मागाहून कळले. कापसाची गाडी जिनिंगच्या फाटकाशी लागताच भाव उतरतो, हे मी आयुष्यभर पाहत आलो. आपण दारात आलो की भाव चढतो, असा बाजार मात्र मी प्रथमच पाहिला.

काटापट्टीच्या, म्हणजे कापसाच्या वजनाच्या पावतीच्या, पाठीमागे हिशेब मांडला. पॅकेज माणशी २१,५००, म्हणजे दोघांचे ४३,०००. माझ्या पद्धतीने जाण्यायेण्याची चार तिकिटे २५,६०० आणि पाळोळ्याच्या किनाऱ्यावरची खोली तीन रात्रींची ९,६००. वाचले ७,८००. खोली रद्द केल्यास पैसे परत मिळणार नव्हते, म्हणूनच ती स्वस्त होती, आणि आपण ती कशाला रद्द करू, असा माझा बाणेदार विचार होता.

आता गोव्याला विमानतळ दोन आहेत. जुना दाबोळीचा, मुरगाव तालुक्यातला. आणि २०२३च्या जानेवारीत सुरू झालेला मोपाचा, पेडणे तालुक्यातला, अगदी उत्तर टोकाला. तिकिटावर एकाचे लघुनाम जीओआय आणि दुसऱ्याचे जीओएक्स. फरक फक्त शेवटच्या अक्षराचा. पाळोळे काणकोणात, म्हणजे दक्षिण टोकाला. मोपाला उतरून मी टॅक्सीच्या खिडकीवर ‘पाळोळे’ असे म्हणालो, तेव्हा बुलढाण्याच्या लग्नाला निघून गोंदियात उतरलेल्या वऱ्हाड्याकडे पाहावे तसे तिथल्या माणसाने माझ्याकडे पाहिले. अंतर जवळपास शंभर किलोमीटर आणि भाडे ३,८०० रुपये. परतीचे विमानही मोपाहूनच होते, त्यामुळे हा आकडा दोनदा मोजायचा होता.

कोणावर रागवावे, हेही सुचेना. विमानवाल्यांनी तिकिटावर लिहिले होते तिथेच आणून उतरवले होते आणि हॉटेल जिथे असल्याचे सांगितले होते तिथेच ते उभे होते. मधला रस्ता तेवढा कोणाच्याच पावतीत नव्हता. पॅकेजमध्ये नावाची पाटी धरून उभा राहणारा माणूस म्हणजे नुसता दिखावा, असे मी साडभाऊंना ऐकवले होते. ती पाटी मला त्या दिवशी फार आठवली. टॅक्सीत बराच वेळ खिडकीबाहेर पाहून झाल्यावर सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, “अहो, टूरवाला असता तं त्याले तरी बोलता आलं असतं.” त्यानंतर काणकोण येईपर्यंत, टूरवाल्याच्या गैरहजेरीत, त्याच्या वाट्याचे बोलणे मी ऐकले.

समुद्रावर मात्र आम्ही तीन दिवस मनसोक्त बसलो, आणि ‘चला, चला’ म्हणत शिटी वाजवणारा कोणी नव्हता, हे नमूद केले पाहिजे.

परतीच्या वाटेवर टॅक्सीवाल्याने आपण होऊन एका काजूच्या दुकानासमोर गाडी थांबवली. बचतीपैकी दोनशे रुपये शिल्लक होते, त्यांचे एक लहानसे पाकीट घेतले आणि गावी आल्यावर तेच साडभाऊंना भेट दिले. त्यांनी पाकीट उलटून दुकानाचे नाव वाचले आणि त्यांचा चेहरा उजळला.

“हेच तं ते दुकान! तुमाले किती वेळ बसवलं?”

दोनशे रुपयांच्या गिऱ्हाइकाला कोणी ‘बसा’ म्हणत नाही, हे मी त्यांना सांगितले नाही.