खुलासा : नंबर टाकला की मालकाचा फोन मिळत नाही

गेले काही दिवस म्हापसा-पणजीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : 'पार्किंगमध्ये बेवारस गाडी दिसली तर एमपरिवहन ॲपवर नंबर टाका, मालकाचं नाव, पत्ता, मोबाईल लगेच मिळेल.' हे खरं नाही.

वाहनांची माहिती देणाऱ्या या सरकारी ॲपवर मी स्वतःच्याच स्कूटरचा नंबर टाकून पाहिला. नाव आलं ते फुल्या-फुल्यांचं, मधली अक्षरं गायब. गाडीचं मॉडेल, विमा, नोंदणी कार्यालय एवढं दिसतं. पत्ता आणि मोबाईल दिसतच नाही. 'जीए ०३' वरून गाडी म्हापशात नोंदवलेली, इतकंच कळतं. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर ती भाड्याची. सोडून जाणारा पर्यटक असू शकतो, मालक नव्हे. आणि गाडी विकूनही नाव न बदलणारे आपल्याकडे थोडे का आहेत!

पूर्ण नोंद पोलीस आणि आरटीओ पाहू शकतात. पाटीच नसेल तर चॅसिस नंबरावरून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरावरून शोध लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२७ नुसार सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त वेळ सोडलेली गाडी हलवण्याचा आदेश गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो, टोइंगचा खर्च मालकाच्या माथी. 'दहा तासांनी कोणीही उचलावी' हे त्याच मेसेजचं शेपूट, तेही खोटं.

काचेवर सुकलेली पानं, टायर बसलेला, अशी गाडी दिसली तर फोटो काढून जवळच्या पोलीस ठाण्यात द्या. आत काही संशयास्पद दिसलं तर हात न लावता ११२.